बिनछापखान्याचे वर्तमानपत्र

मध्यमवर्गीय मराठी घरात ‘मुलाला नोकरी लागली’ हे वाक्य पेढ्यांबरोबर येते; ‘मुलाने धंदा काढला’ हे वाक्य नुसत्या चहाबरोबर आणि हलक्या आवाजात येते. पन्नाशीकडे झुकलेल्या सुनेने धंदा काढला, तोही बातम्यांचा, आणि तोही कागदाचा एक कपटा न वापरता, तर ते वाक्य कोणत्या पदार्थाबरोबर यावे याचा निर्णय आमच्या नातेवाइकांत अजून व्हायचा आहे. तोवर सगळे एवढेच विचारतात, “अगं, पण हे तुमचं चालतं कशावर?” प्रश्न रास्त आहे. दिवाळीच्या निमित्ताने त्याचे उत्तर हिशेबासकट द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी ज्या दैनिकात उपसंपादक होते, त्याची उपनगरांची पुरवणी २०२० साली साथीच्या दिवसांत बंद झाली. डोंबिवलीत पाणी किती वाजता येणार, लोकलमध्ये सध्या कोणाला चढू देतात, कोणता रस्ता खणलेला आहे, हे विचारायला लोकांना नेमकी तेव्हाच जागा उरली नाही. देशाच्या आणि जगाच्या बातम्या ढीगभर; आपल्या गल्लीची मात्र एकही नाही! तेव्हा मी आणि पुरवणीतला एक तरुण वार्ताहर अशा दोघांनी आठवड्यातून दोनदा ई-मेलने जाणारे बातमीपत्र सुरू केले. पुढे गाड्या सर्वांना खुल्या झाल्यावर त्याला रविवारी पंधरा मिनिटांच्या पॉडकास्टची जोड दिली. डोंबिवलीहून सकाळी निघालेल्या लोकलमध्ये हात हलवायला जागा नसते. पण कान मोकळे असतात.

छापखाना नाही, कागद नाही, टपालाचे तिकीट नाही, मग खर्च कसला, असे वाटणे साहजिक आहे. संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक भाडे, सर्व्हरची जागा, हजारो पत्रे एकाच वेळी पाठवणाऱ्या सेवेचे शुल्क आणि आवाज टिपणारा एक बरा माइक, एवढी यंत्रसामग्री मध्यमवर्गीय संसाराला झेपते. खरा खर्च असतो माणसाच्या वेळेचा. पाणीकपातीची सहा ओळींची बातमी घ्या. त्यासाठी जलकुंभापर्यंत रिक्षा, चार फोन आणि अधिकाऱ्याच्या दारात दीड तास बैठक, एवढे सगळे लागते. वाचणाऱ्याला ती फुकट मिळाली म्हणजे ती फुकट तयार झाली, असे नव्हे.

हा खर्च भागवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग मोठ्या परदेशी कंपन्यांच्या अंगणात पाल ठोकण्याचा. यूट्यूबचेच उदाहरण घेऊ. नेहमीच्या लांबीच्या चित्रफितींवरील जाहिरातींतून येणाऱ्या पैशापैकी ५५ टक्के करणाऱ्याला मिळतात. पण या जाहिरातींत वाटा मिळायला आधी एक हजार सदस्य हवेत, आणि बारा महिन्यांत चार हजार तास लोकांनी पाहिलेले असावे लागते, नाहीतर नव्वद दिवसांत छोट्या फितींना एक कोटी दर्शने मिळावी लागतात. आता, एका उपनगराच्या पाण्याच्या वेळा बघून बघून किती जण बघणार? तिथे गर्दीला भाव आहे, उपयोगाला नाही. शिवाय अंगण दुसऱ्याचे. यजमानाने रांगोळी बदलली की आपले पाल कोपऱ्यात जाते.

दुसरा मार्ग गावातल्या जाहिरातींचा. मिठाईवाले, शिकवण्या, चष्म्याची दुकाने हे आमचे पहिले आश्रयदाते. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. दुकानदाराने गिऱ्हाइकाला हाक मारण्यात गैर ते काय? पण एकच मोठी जाहिरात धंद्याच्या निम्म्याहून जड झाली की तराजूचा काटा कलतो. तो कसा कलतो, हे आम्हाला दुसऱ्या वर्षीच कळले.

तेव्हा आमचे चारशे वर्गणीदार होते. वर्गणी वर्षाला ६०० रुपये. म्हणजे सगळी मिळून २ लाख ४० हजार. एका बांधकाम व्यावसायिकाने वर्षभराच्या जाहिरातीसाठी एकदम ३ लाख देऊ केले. माणूस गोड बोलणारा. चहा घेता घेता त्याने सहज सुचवले की, त्याच्या नव्या संकुलातल्या रहिवाशांना टँकरवर दिवस काढावे लागतात, असा लेख तुम्ही करता आहात म्हणे. तो जरा पुढे ढकलला तर बरे. ‘छापू नका’ असे तो म्हणाला नाही. ‘पुढे ढकला’ एवढेच!

त्या रात्री आमच्या घरी जेवणे उशिरा झाली. मुलाच्या महाविद्यालयाची फी तोंडावर आली होती. आमच्या ह्यांनी कागद-पेन्सिल घेऊन दोन्ही बाजू मांडल्या. त्यांच्या कागदावर ३ लाखांचीच बाजू वरचढ ठरली, आणि हिशेब म्हणून तो बरोबरही होता. वार्ताहर मुलगा गप्प होता; त्याचे लग्न ठरत होते. अखेर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “ज्याचं मीठ खाल्लं त्याला नावं ठेवता येत नाहीत. तेव्हा मीठ कोणाचं खायचं, तेवढं आधी ठरवा.”

लेख ठरल्या दिवशी गेला. जाहिरात अर्थातच आली नाही. उलट त्या गृहस्थाशी व्यवहार असलेल्या दोन दुकानदारांनीही हात आखडता घेतला. फीसाठी बँकेतली ठेव मोडावी लागली. पुढच्या अंकात आम्ही कोणाचेही नाव न घेता वाचकांना जमाखर्च सांगितला, इतके येतात, इतके जातात, आणि इतके कमी पडतात. तीन महिन्यांत १६० नवे वर्गणीदार आले. म्हणजे ९६ हजार रुपये. ३ लाख ते ३ लाख आणि ९६ हजार ते ९६ हजार, हे मलाही कळते. पण त्या ९६ हजारांबरोबर कोणी काही पुढे ढकलायला सांगितले नव्हते.

हा झाला तिसरा मार्ग, वर्गणीचा. केविन केली या अमेरिकन लेखकाने २००८ साली एका निबंधात मांडले की, स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला लाखोंची गर्दी नको, मनापासून पाठीशी उभे राहणारे हजार लोक पुरेत. आमच्या भाषेत त्याचा हिशेब असा: ६०० रुपये देणारे हजार वाचक म्हणजे वर्षाला ६ लाख, महिन्याला ५० हजार. खर्च वजा जाता दोन माणसांचे जेमतेम भागते. हा टप्पा आम्ही तिसऱ्या वर्षी गाठला.

वर्गणीदार म्हणजे देवमाणसेच असतात, असेही नाही बरे! गृहसंकुलांनी पदपथांवर मांडलेल्या मोटारींवर आम्ही लिहिले, तेव्हा अकरा जणांनी रागावून वर्गणी बंद केली. पण हजारातले अकरा रुसले तर पत्र चालते. एकाच धन्याचे मीठ खाणाऱ्याचा धनी रुसला तर ते बंद पडते. सगळा फरक एवढाच, आणि तोच मोठा.

तो किती मोठा, हे मलेशियात दिसले. क्वालालंपूरच्या स्टीव्हन गान आणि प्रेमेश चंद्रन यांनी १९९९ साली ‘मलेशियाकिनी’ हे संकेतस्थळ काढले आणि २००२ पासून वाचकांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, वाचकांनी लिहिलेल्या प्रतिक्रियांवरून, न्यायालयाच्या अवमानाबद्दल या संस्थेला ५ लाख रिंगिट दंड केला. संपादकांनी वाचकांना हाक दिली, आणि ती सारी रक्कम काही तासांतच जमा झाली. फ्रान्समध्ये एडवी प्लेनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली काढलेले ‘मीडियापार्ट’ तर जाहिरात घेतच नाही; केवळ वर्गणीवर ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले. आपल्याकडे दिल्लीत २०१२ साली सुरू झालेल्या ‘न्यूजलाँड्री’नेही वाचकाच्या पैशाचीच वाट धरली.

आता ज्यांना असे काही काढायचे आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, वाचकांच्या पत्त्यांची यादी स्वतःपाशी ठेवा. समाजमाध्यमांवरचे अनुयायी त्या कंपनीच्या वहीत असतात; ई-मेलचे पत्ते तुमच्या वहीत. दुसरी, पैसे देणे सोपे करा. २०१६ साली आलेल्या यूपीआयने हे काम हलके केले, आणि जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय व्यवहारावरील दुकानदाराची दलालीही सरकारने काढून टाकली. वर्गणी आपोआप वळती होईल यावर मात्र विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले, तेव्हा कार्डावरच्या अशा कितीतरी वर्गण्या अडकल्या. आम्ही प्रत्येकाला फोन करतो. निम्मे लोक पैसे भरतात आणि वर नळाची तक्रारही सांगतात. तीच पुढच्या अंकाची बातमी होते!

तिसरी गोष्ट, तक्रारीला दार ठेवा. डिजिटल बातम्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. त्यांतल्या काही पोटनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. कायद्याचे काय व्हायचे ते होवो, पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक तक्रारीला लेखी उत्तर द्यायचे, हा आमचा घरचा नियम आहे. चौथी, झेपेल तेवढेच काढा. रोज काढायचा हट्ट धरून सहा महिन्यांत थकण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा दहा वर्षे काढणे शहाणपणाचे.

शेवटी वाचकांना एक सांगते. वर्गणी ही काही परदेशातून आलेली नवी कल्पना नव्हे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरे फराळाबरोबर वाचनासाठीही चार पैसे बाजूला काढत आली आहेत. तो पैसा कागदाचा नव्हता, मजकुराचा होता. कागद गेला म्हणून मजकुराचे मोल गेले, असे समजू नये. तुमच्या गावातही कोणी दोघेतिघे एखाद्या खोलीत बसून तुमच्या नळाची, रस्त्याची, शाळेची खबर घेत असतील. त्यांचे मीठ कोणी भरायचे, हे आज आपण ठरवले नाही, तर उद्या दुसरे कोणीतरी ठरवील. आणि त्या दिवसानंतर कोणती बातमी पुढे ढकलली गेली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.