गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला? नवा घेण्याआधी हे तपासा

ईदच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून गावी निघालेल्या गाडीत तिलावत किंवा नात सुरू असते आणि मध्येच आवाज गायब होतो. स्टिरिओ चालू, स्पीकर मात्र गप्प. दुकानात गेलं की बऱ्याचदा सरळ सांगतात, "अ‍ॅम्प जळाला, नवा टाका." पण अनेकदा अ‍ॅम्प शाबूत असतो; बिघाड फ्यूज, अर्थिंग किंवा स्पीकरच्या वायरीत असतो. साधा मल्टीमीटर असेल तर हे घरी तपासता येतं. फक्त वायर काढताना-जोडताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा.

लाइट लागतच नाही?
अ‍ॅम्पवर तीन टर्मिनल असतात: १२ व्होल्ट, ग्राउंड आणि रिमोट. स्टिरिओ चालू करा. मीटरची काळी पिन ग्राउंडवर ठेवून लाल पिन आधी १२ व्होल्टवर, मग रिमोटवर लावा. दोन्हीकडे साधारण १२ व्होल्ट हवेत. इंजिन चालू असेल तर १४ च्या आसपास.

दोन्हीकडे काहीच दिसत नसेल तर काळी पिन गाडीच्या उघड्या पत्र्यावर लावा. आता व्होल्ट दिसले तर अर्थिंग तुटलंय. फक्त मोठ्या वायरवर करंट नसेल तर बॅटरीजवळचा फ्यूज बघा. फक्त रिमोटवर नसेल तर स्टिरिओमागची बारीक वायर निघाली असेल. ती बहुधा निळी-पांढरी असते. सगळं ठीक असूनही लाइट नाही, तर अ‍ॅम्पच्या अंगावरचा फ्यूज तपासा.

आवाज तुटतो, घुंईं येते?
कोकणातल्या पावसाळ्यात अर्थिंगचा बोल्ट गंजतो. तो काढून खालचा रंग-गंज खरवडा आणि घट्ट बसवा. अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर घुंईं वाढत असेल तर स्टिरिओची ऑडिओ केबल पॉवरच्या वायरीला चिकटून आलीय का पाहा. दोन्ही वेगवेगळ्या बाजूंनी न्या.

लाल 'प्रोटेक्ट' लाइट लागतो?
म्हणजे अ‍ॅम्प स्वतःला वाचवतोय. सिस्टिम बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी आणि ऑडिओ केबल काढा, मग चालू करा. लाइट लालच राहिला तर बिघाड आतला आहे, मेकॅनिककडेच न्या. लाल लाइट गेला तर एकेक वायर जोडत चला. जिच्यावर पुन्हा लाल होईल, दोष तिथेच. ४ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर ३ ते ४ ओहम दाखवतो. शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. काहीच नाही म्हणजे कॉइल तुटली.

थोडा वेळ वाजून बंद होतो, गार झाल्यावर पुन्हा सुरू? मग अ‍ॅम्प तापतोय. सीटखाली त्याच्यावर पिशव्या-चादरी कोंबू नका. एका चॅनलवर झेपतील त्यापेक्षा जास्त स्पीकर जोडले तरी असंच होतं.

मोठा फ्यूज नको
फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून ३० अँपिअरच्या जागी ६० चा टाकणं किंवा तारेचा तुकडा गुंडाळणं हा जिवाशी खेळ आहे. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो उडाला नाही तर शॉर्टमध्ये वायरच तापते, प्लास्टिक वितळतं आणि मॅटखाली आग लागते. वर मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात. फ्यूज का उडतो ते आधी शोधा, मग तेवढ्याच अँपिअरचा बसवा.

मेकॅनिककडे जावं लागलंच तर कोणत्या टर्मिनलवर किती व्होल्ट आले आणि वायरी काढल्यावर लाल लाइट गेला की राहिला, हे लिहून न्या. काम नेमकं होतं आणि बिलही विनाकारण वाढत नाही.