खंजिरीवर तोललेली कविता

तुकडोजी महाराजांना (1909–1968) संत म्हणायला कुणाचीच हरकत नसते. कवी म्हणायची वेळ आली की समीक्षक हात आखडता घेतात. महाराजांची ‘ग्रामगीता’ म्हणजे ओवीत बसवलेला प्रचार, असा त्यांचा आक्षेप. तो अगदीच पोकळ नाही. 41 अध्यायांच्या या ग्रंथात तीच गोष्ट घोळवून घोळवून येते आणि मनातल्या मनात वाचणाऱ्याला कंटाळा येतो. पण ही रचना मनात वाचण्यासाठी केलेलीच नाही. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. सांगणारा तिथे थांबतो, तेवढ्यात ऐकणाऱ्याच्या डोक्यात अर्थ उतरतो. उशिरा येऊन मागे बसलेल्या माणसासाठी पुनरुक्ती हाच आधार असतो. ‘ग्राम-आरोग्य’, ‘अंत्यसंस्कार’ अशा रोजच्या विषयांच्या रांगेत त्यांनी ‘भजन-प्रभाव’ हाही अध्याय घातला, म्हणजे आपल्या हत्याराचा त्यांनी नीट विचार केला होता.

या हत्याराची, म्हणजे भजनाची, पारख चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमुरात झाली. हा मुलूख महाराजांच्या ओळखीचा. जवळच्या गोंदोड्याच्या जंगलात त्यांनी साधना केली होती. खंजिरी एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची, ध्रुपद लोकांकडून म्हणवून घ्यायचे, एवढाच सरंजाम. 16 ऑगस्ट 1942 ला ‘भारत छोडो’ आंदोलनात चिमूर पेटले. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगांतून ते डिसेंबरात सुटले. कुणी म्हणेल, उठाव भजनांनी होत नसतात; गांधीजींची अटक आणि पोलिसांचा गोळीबार ही कारणे पुरेशी होती. मान्य. मात्र अक्षरओळख नसलेल्या माणसाला देशाची गोष्ट स्वतःच्या तोंडाने म्हणता आली, ती ध्रुपदामुळे. पत्रक जप्त करता येते; पाठ झालेले भजन थांबवायचे तर गाणाराच उचलावा लागतो. सरकारने तेच केले.

मग नुसत्या भाषणाने हे साधले नसते का? भाषण ऐकून माणूस घरी जातो. ध्रुपद तो दुसऱ्या दिवशी धुऱ्यावरही गुणगुणतो. ‘ग्रामगीते’त श्रोता मध्येच शंका काढतो आणि महाराज त्याला उत्तर देतात, ही कीर्तनकाराची जुनी खुबी. जिथे ती शंका खरोखर अडचणीची आहे तिथे ओवीला धार चढते. श्रोता गप्प बसला, की मात्र कर्तव्यांची यादी तेवढी उरते, आणि तिथे समीक्षकांचेच बरोबर आहे.