राधानगरीच्या पावसात शार पेई

आषाढ लागला की राधानगरीत ऊन विसरायचं. भोगावतीच्या खोऱ्यात ढग उतरतात, लक्ष्मी तलाव भरत आला की साऱ्यांचं लक्ष धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांकडे लागतं. घरात वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस ओलसर राहतात आणि कोपऱ्यातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. अशा हवेत अंगभर कातड्याच्या घड्या असलेला कुत्रा सांभाळणं किती जिकिरीचं असेल, याचा विचार पिल्लू घरी आणण्याआधी व्हायला हवा. मोबाइलवर शार पेईच्या पिल्लाचा फोटो पाहिला की कोणीही भुलेल. मोठ्या माणसाचा सदरा घातलेल्या पोरासारखं ते दिसतं.

हा कुत्रा मूळचा दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातला. फोशानजवळच्या दाली गावाशी त्याचं नाव जोडलं जातं. शेतकऱ्याच्या घराची राखण आणि रानडुकराची शिकार ही त्याची कामं. पुढे माणसांनी त्याला झुंजीतही उतरवलं. खरखरीत, टोचणारे केस, निळसर काळी जीभ आणि बारीक कान ही त्याची ओळख. उसा-भातात गवे आणि रानडुकरं शिरल्याने हैराण झालेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला असा राखणदार आपलासा वाटला, तर त्यात नवल नाही.

पण तो शेतावरचा कुत्रा आणि आज विकायला असलेला शार पेई यांत फरक आहे. १९४९ नंतर चीनमध्ये कुत्री पाळण्यावर कर आणि निर्बंध आले आणि ही जात संपत आली. १९७३ साली हाँगकाँगच्या मॅटगो लॉ यांनी अमेरिकेतल्या एका श्वान-मासिकातून तिला वाचवण्याची साद घातली. मोजकी कुत्री तिकडे पोचली, त्यांची वीण वाढली. १९७८ मध्ये गिनेस बुकाने जगातली सर्वांत दुर्मीळ जात म्हणून तिची नोंद केली. जात वाचली, हे चांगलंच झालं. मात्र तिकडच्या हौशी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अधिक सुरकुत्यांची, अधिक मांसल तोंडाची पिल्लं निवडली. जुन्या चिनी कुत्र्यांचं तोंड सडपातळ आणि अंगावरच्या वळ्या बेताच्या होत्या.

या निवडीची किंमत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातून समोर आली. शार पेईच्या शरीरात एचएएस-२ या जनुकाजवळचा एक तुकडा अनेकदा दुणावलेला असतो. त्यामुळे कातडीत हायलुरॉनिक अ‍ॅसिड प्रमाणाबाहेर साठतं आणि वळ्या पडतात. चेहऱ्याला लावायच्या सीरममध्ये असतं, तेच हे द्रव्य. त्याच अभ्यासात या तुकड्याच्या जादा प्रतींचा संबंध शार पेईला वारंवार येणाऱ्या तापाशीही दिसून आला. म्हणजे ज्या सुरकुत्यांसाठी लोक पैसे मोजतात, त्यांच्या मुळाशीच दुखणं आहे.

पावसाळ्यात घड्यांच्या तळाशी ओल आणि ऊब दोन्ही साठतात. जंतू आणि बुरशी यांना आणखी काय हवं? म्हणून फिरून आल्यावर चेहरा, मान, पाय आणि शेपटीच्या बुडाची प्रत्येक घडी हलक्या हाताने उघडून मऊ कोरड्या फडक्याने टिपावी लागते. हे रोजचं काम आहे. घरात बुजुर्ग माणूस मायेने खोबरेल तेल चोळायला सांगेल, पण घडीत तेल लावलं की ओल तिथेच अडकते; पावडरचाही ओला लगदा होतो. अंघोळीचा सपाटाही नको. कातडी लाल झाली, वास यायला लागला, कुत्रा सारखा चाटू लागला, तर घरगुती मलम न लावता डॉक्टर गाठावा. कानाची नळी अरुंद असते, तिच्यात काडी घालू नये.

डोळ्यांकडे तर लहानपणापासून लक्ष हवं. जड कातडीमुळे पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासत राहतात. पिल्लू डोळे मिचकावत असेल, पाणी गळत असेल, तर उद्यावर ढकलू नये. लहानपणी तात्पुरते टाके घालून पापणी वर धरता येते. वाढ पुरी झाल्यावर काहींना शस्त्रक्रिया लागते. राधानगरीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर आहे, पशुवैद्यक महाविद्यालय थेट साताऱ्याकडे शिरवळला. ही धावपळ आधीच हिशेबात धरलेली बरी.

ताप हा सर्वांत नाजूक भाग. शार पेईला अचानक सणसणून ताप येतो, मागच्या पायाचा घोटा सुजतो, तो चालेनासा होतो आणि दीड-दोन दिवसांत सारं ओसरतं. बरा झाला म्हणून घरचे निर्धास्त होतात. पण असे ताप येत राहिले तर अमायलॉइड नावाचं प्रथिन मूत्रपिंडात साचून ती निकामी होऊ शकतात. आपल्याकडे पावसात गोचीडताप आणि लेप्टोही असतात आणि त्यांची सुरुवातही तापानेच होते. तेव्हा अंदाजाने औषध देणं धोक्याचं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. रक्त आणि लघवीची तपासणी, लेप्टोची लस आणि गोचिडांवरचं औषध यांत कसूर नको.

स्वभावाने हा कुत्रा घरच्यांशी एकनिष्ठ, शांत आणि स्वच्छताप्रिय. परक्यांशी मात्र तो अंतर ठेवतो, इतर कुत्र्यांशी सहज जमवून घेत नाही. म्हणून पिल्लूपणीच माणसं, मुलं, गुरं यांची सवय लावावी. राधानगरी अभयारण्याच्या कडेच्या गावांत त्यालाच काय, कोणत्याही कुत्र्याला मोकळं सोडू नये. दाजीपूरच्या जंगलात रानकुत्रे आहेत आणि पाळीव कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग त्यांच्यापर्यंत पोचू शकतो.

एवढं वाचूनही शार पेईच हवा असेल, तर आईबाप दोघांनाही समक्ष पाहा. त्यांना ताप येतो का, पापण्यांची शस्त्रक्रिया झाली आहे का, लघवीतून प्रथिन जातं का, हे स्पष्ट विचारा. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी असावी लागते. तो कागद मागा. आणि पिल्लांत निवड करायची वेळ आली, तर सर्वांत कमी सुरकुत्यांचं पिल्लू उचला.