अजगराची अंडी आणि आमचा पोरगा

गेल्या पौर्णिमेला केशोरीच्या विहारात वंदना आटोपली, तेव्हा एका तरुणाने आम्हाला मोबाईलवर 'बॉल पायथन' दाखवला. आफ्रिकेतला हा लहानसा अजगर. जोडी घरी आणावी, पिल्ले विकून घराला हातभार लावावा, असा त्याचा बेत. बेकार पोराला आम्ही हसलो नाही, माहिती काढली.

मादी साधारण दीड किलोची होईपर्यंत वीण घेऊ नये. अंडी बहुधा चार ते दहा, चामड्यासारख्या कवचाची, एकमेकांना चिकटलेली. कोंबडीच्या अंड्यांसारखी ती फिरवायची नाहीत, आतला जीव दगावतो. सुमारे दोन महिने ३१-३२ अंश ऊब सतत हवी. आणि आपल्याकडची वीज? असो.

कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार असा परदेशी प्राणी बाळगला तर सरकारदरबारी नोंद हवी, पिल्ले झाली तर तीही कळवावी लागतात.

तेव्हा पोरगा हळूच म्हणाला, "काका, मंग नवेगावच्या जंगलातलाच धरला तं?"

आमच्या छातीत धस्स झाले. आपला अजगर पहिल्या अनुसूचीतला. धरला तर तीन ते सात वर्षे कैद, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. घेणारा व्यापारी दूर राहतो, सापडतो धरणारा.

आपल्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते, अंग थरथरवून त्यांना ऊब देते, हे आम्ही त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. धानाच्या बांधीत अजगर दिसला तर विळा न उगारता वनरक्षकाला बोलवीन, एवढे मात्र त्याने कबूल केले.