साखळीपासून रोव्हरपर्यंत

१ मे १९९९ रोजी परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून जमीन मोजण्याची साधने पार बदलली. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची शंकू साखळी आणि फळी मागे पडली. ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्र आले, मग उपग्रहाशी जोडलेला रोव्हर. अर्ज आणि चलनही ऑनलाइन झाले. तरी मोजणीची तारीख मिळवायला वरचे पैसे लागतात, ही बांधावरची तक्रार काही गेली नाही. कारण लाच दर वेळी खोट्या मापासाठी दिली जात नाही. बहुतेकदा ती वेळेसाठी दिली जाते. पेरणी तोंडावर आलेला, बांधाचा वाद असलेला शेतकरी थांबू शकत नाही आणि त्याची ही अडचण समोरच्याला ठाऊक असते. साधी, तातडीची, अतितातडीची असे मोजणीचे दर सरकारनेच वर्षानुवर्षे ठेवले होते. वेळेला किंमत असते हे त्यातून अधिकृतच झाले.

रोव्हरने सगळे मिटेल, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, यंत्र बिंदू अचूक दाखवते. हद्द मात्र जुने टिपण, फाळणी आणि गट नकाशा वाचून माणूसच ठरवतो. निकाल पटला नाही तर निमताना आणि सुपर निमताना मोजणीची, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीची, सोय आहे, पण तिथेही पुन्हा शुल्क आणि पुन्हा वाट पाहणे. भूकरमापकांची पदे रिक्त असतात, म्हणून उशीर होतो, हा आक्षेप खरा आहे. पण माणसे कमी असतील तर अर्जांची क्रमवारी उघडी ठेवायला काय हरकत? कोणाचा अर्ज कितवा, कोण कोणाच्या पुढे गेले आणि का, हे दिसले की वेळ विकणे अवघड होते.

बांधकामात लाच देऊन झाकलेले माप जिवावर बेतते. खडीचा थर डांबराखाली जातो, पायातली सळई काँक्रीटमध्ये; मागे पुरावा उरतो तो मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीचा. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्यात बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले, तेव्हा बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारीही अटकेत गेले. कायदा तिथे पोचला, पण मृत्यूनंतर. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हिंगोली हादरली. अशा जिल्ह्यात थर झाकण्याआधीची मोजमापे गावकऱ्यांना पाहता आलीच पाहिजेत.

लोक देतात म्हणून घेणारे घेतात, असेही म्हटले जाते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. मात्र नाइलाजाने दिलेली लाच सात दिवसांत कळवली तर त्याला संरक्षण आहे. अडलेला माणूस आणि अडवणारा माणूस यांना एकाच तागडीत घालणे मला मान्य नाही. अर्ज केला असेल तर त्याचा क्रमांक लेखी मागा, मोजणीआधी जुन्या नकाशाची प्रत घ्या आणि कोणी पैसे मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर कळवा.