मांसासाठी पाळलेल्या शेळ्यांतील जंत आणि औषधांची मर्यादा

स्वारगेटहून सासवड, जेजुरी, लोणंद या मार्गाने फलटणकडे जाताना जो अवर्षणप्रवण प्रदेश लागतो, त्यात शेळी हे अल्पभूधारकाचे चालतेबोलते भांडवल होय. पुण्यासारखी मांसाची बाजारपेठ जवळ असता बोकड किती महिन्यांत विक्रीच्या वजनास येतो, यावर त्या कुटुंबाची प्राप्ती अवलंबून असते. ही वाढ खुंटविणाऱ्या कारणांत जंतांचे स्थान बरेच वरचे आहे.

शेळी ही मूलतः झुडपांचा पाला ओरबाडणारी. जंतांचे डिंभ गवताच्या बुडाशी असतात. त्यामुळे त्यांच्याशी तिचा संबंध थोडा आला, आणि मेंढीइतकी प्रतिकारशक्ती तिच्यात निर्माण झाली नाही, असे मानतात. झुडपे तुटून ती आखूड गवतावर चरू लागली की हे उणे उघडे पडते.

यांतील सर्वांत घातक हीमाँकस कंटॉर्टस. काटेकोरपणे पाहता तो आतड्यातला नव्हे, जठराच्या चौथ्या कप्प्यातला कृमी. एका कृमीमुळे दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त जाते. म्हणजे हजार कृमींमुळे 50 मिलिलिटर. मादी रोज 5,000 च्या वर अंडी घालते व पावसाळ्यातील उबदार ओलीत आठवडाभरात संसर्गक्षम डिंभ तयार होतात. पापणीची आतील त्वचा पांढरी पडते, जबड्याखाली सूज येते. हगवण मात्र बहुधा नसते, म्हणून रोग उशिरा लक्षात येतो. खुद्द आतड्यात इसोफॅगोस्टोमम कोलंबियानमच्या गाठी होतात. असे आतडे तातीच्याही उपयोगाचे राहत नाही.

थायाबेंडाझोल हे औषध 1961 मध्ये आले आणि 1964 मध्येच त्यास न जुमानणारे कृमी आढळले. शेळीच्या शरीरात या वर्गातील औषधांचा निचरा मेंढीपेक्षा लवकर होतो. मेंढीची मात्रा तिला दिल्यास दुर्बल कृमी तेवढे मरतात व चिवट उरतात. सरसकट सर्व कळपास औषध पाजण्याने हीच निवड अधिक वेगाने घडते. वास्तविक कळपातील बहुतेक कृमी थोड्याच जनावरांत असतात. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या फमाचा पद्धतीत पापणीचा रंग तक्त्याशी ताडून केवळ पांडुरोगी जनावरांस औषध देतात. इतरांतील औषध न लागलेल्या कृमींची संतती चिवट कृमींचे प्रमाण वाढू देत नाही.

दुसरा मार्ग पैदाशीचा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गॅरोल मेंढीचा दख्खनीशी संकर करून जंतांच्या प्रतिकाराचा अभ्यास केला. काम मेंढ्यांवरचे आहे. शेळ्यांत ही निवड लेंडीतील अंडी मोजूनच करावी लागेल. तोवर औषध पाजलेला बोकड, त्या औषधाचा ठरलेला वर्ज्य काळ संपेपर्यंत, खाटकाकडे जाता कामा नये.