संततीचे उपचार आणि वेळेचे गणित

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातल्या आपल्या घरांत मूल न होण्याचा विषय निघाला की आवाज खाली जातो. निकाहला वर्ष उलटले की शेजारच्या खाला विचारू लागतात, पुढे तावीज येतो, दर्ग्याच्या खेपा होतात आणि डॉक्टरांचे नाव निघेपर्यंत पाच-सहा वर्षे सरलेली असतात. मग उपचार सुरू झाले की सगळी भीती घड्याळावर जाऊन बसते. लोकल चुकली तर? इंजेक्शनला उशीर झाला तर? मध्येच रमजान आला तर? यातली काही भीती रास्त आहे, काही अनाठायी. आम्हाला वाटते, सर्वात जास्त भिण्यासारखी वेळ भलतीच आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

आधी निसर्गाचे गणित पाहू. स्त्रीच्या शरीरात महिन्याला सहसा एकच बीज पक्व होते. बाहेर पडल्यावर ते बारा ते चोवीस तास जगते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून गर्भ राहण्यासारखे दिवस महिन्यात सहाच: बीज बाहेर पडते तो दिवस आणि त्याआधीचे पाच. घराघरांत पाठ असलेला चौदावा दिवस अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीसाठी आहे. पस्तीस दिवसांनी येत असेल तर तो एकविसाव्या दिवसाच्या आसपास सरकतो. चौदाव्याचा हिशेब धरून वर्षे घालवणारी जोडपी कमी नाहीत.

आययूआय या सोप्या उपचारात पतीचे वीर्य प्रयोगशाळेत स्वच्छ करून बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. बीज फुटण्याचे इंजेक्शन दिल्यावर साधारण 24 ते 40 तासांत हे करतात. इतकी ऐसपैस मुदत असताना गाडी अर्धा तास उशिरा आली म्हणून वाटेत रडत बसण्याचे कारण नाही.

आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात मात्र घड्याळ खरेच कडक असते. शेवटच्या ‘ट्रिगर’ इंजेक्शननंतर 34 ते 36 तासांनी सुईने बीजे बाहेर काढतात. लवकर काढली तर ती कच्ची निघतात, फार उशीर झाला तर आधीच फुटून हातची जातात. सोमवारी रात्री दहाला इंजेक्शन घेतले तर बीजे बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास काढायची. इंजेक्शन अकराला घेतले गेले असेल तर तसेच डॉक्टरांना कळवावे. त्यांना पुढची वेळ सरकवता येते. ‘रागावतील’ म्हणून दहाच सांगितले तर नुकसान आपलेच.

दवाखाना मुंबईत असेल तर लोकलचा विचार आधीच करावा. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या होत्या. पावसाळ्यात बीजे काढण्याच्या आदल्या रात्री दवाखान्याजवळ एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम केलेला बरा. पतीचा नमुनाही शक्यतो दवाखान्यातच द्यावा. घरून न्यायचा तर शरीराच्या उबेत ठेवून तासाभरात पोहोचवावा लागतो. विरारच्या घरातून दादरच्या दवाखान्यापर्यंत हे जमणे कठीण.

रमजानचा प्रश्न नाजूक. ट्रिगर बहुधा रात्री घेतात आणि तीच तरावीहची वेळ असते, म्हणून मोबाइलला गजर लावून ठेवावा. पोटावर घ्यायच्या अशा इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमांचे मत आहे. आतून करायच्या सोनोग्राफीबाबत मसलकांत फरक आहे. आपल्याकडे कोकणी घरे शाफई, उत्तरेकडून आलेली बरीच घरे हनफी, तेव्हा आपल्या आलिमांना विचारावे. दिवसा वीर्याचा नमुना दिल्यास रोजा राहत नाही. आजारपणात रोजा पुढे ढकलून कझा करण्याची सवलत शरीयतने दिली आहे. ती आपल्याला लागू होते का, हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून महिना सुरू होण्याआधीच ठरवावे. तयार झालेले गर्भ गोठवून ठेवता येतात आणि ईदनंतर गर्भाशयात सोडता येतात. एखाद्या महिन्याच्या उशिराने सहसा बिघडत नाही.

बिघडते ते वर्षांनी. स्त्रीची बीजे तिच्या जन्मापासूनच शरीरात असतात आणि वयाबरोबर घटत जातात. पस्तिशीनंतर यशाचे प्रमाण झपाट्याने उतरते, चाळिशीनंतर स्वतःच्या बीजातून मूल होणे फारच अवघड होते. अशा वेळी इतर जोडप्यांना डॉक्टर दात्याच्या बीजाचा मार्ग सुचवतात. आपल्यासाठी तो दरवाजा बंद आहे. 1980 मध्ये अल-अझहरच्या फतव्याने आणि 1986 मध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने पती-पत्नीच्याच बीज व शुक्राणूंनी होणाऱ्या उपचाराला मुभा दिली, तिसऱ्या व्यक्तीच्या सहभागाला नाही. निकाह टिकून असेपर्यंतच ही मुभा आहे. 2021 च्या कायद्यात स्त्रीसाठी पन्नास वर्षांची मर्यादा आहे, पण ती वाचून निवांत होऊ नये. मुसलमान जोडप्यासाठी खरी मर्यादा तिच्या कितीतरी आधी येते. वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही, किंवा स्त्री पस्तिशीपुढची असून सहा महिने गेले, तर तज्ज्ञाकडे जावे. दुआ चालूच राहते, तिला तपासणीची आडकाठी नाही.

पती आखातात असलेल्या घरांचे गणित आणखी बिकट आहे. चाळीस दिवसांच्या सुट्टीत ते सहा दिवस फार तर एकदा किंवा दोनदा येतात. अशा जोडप्याने ‘लग्नाला चार वर्षे झाली’ असे न म्हणता प्रत्यक्ष किती महिने एकत्र होतो, ते डॉक्टरांना सांगावे. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. गुटखा-सिगारेट सुट्टीवर आल्यावर सोडून उपयोग नाही, तिकीट काढण्याआधी तीन महिने सोडावी. परत जाताना पतीचा नमुना त्याच्या लेखी संमतीने नोंदणीकृत केंद्रात गोठवून ठेवता येतो, म्हणजे पुढचे उपचार त्याच्या सुट्टीसाठी अडत नाहीत.

आणि पहिली तपासणी पतीची करावी. मूल न होण्यात जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडचे कारण असते, एकट्याचे किंवा दोघांचे मिळून. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर दिलेल्या एका नमुन्यावर ती होते, स्वस्त असते, दुखत नाही आणि त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. तिचा अहवाल हातात येईपर्यंत सुनेला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरवू नये.